बॅकअप घेतलाय साहेब!

जी वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं, त्यांत "बॅकअप घेतलाय साहेब" ह्या वाक्याचा नंबर बराच वरचा आहे. "फॉर्म भरलाय, नाव येईल यादीत" ह्याच्याही वर. कारण यादीत नाव आलं नाही तर निदान कळतं तरी. बॅकअप खरोखर आहे की नाही हे फक्त एकाच दिवशी कळतं, आणि त्या दिवशी कळून काही उपयोग नसतो.

आजचा लेख भांडणाचा आहे, आधीच सांगून ठेवतो. भांडण आहे ते आपल्याकडच्या पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या, शाळांच्या संस्था ह्यांना "एक बटण दाबा, बॅकअप झाला" असं सांगून सॉफ्टवेअर विकणाऱ्यांशी. आणि तेवढंच, ते विकत घेऊन निवांत झोपणाऱ्यांशी. नातेवाईक मंडळींनी (मावशी, तू सुद्धा!) संगणकाचं नाव काढताच पळून जाऊ नये, तुमची मुदत ठेव ह्यात अडकलेली आहे. कमांडची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत ती तुमच्यासाठीच. जाणकारांनी हसून घ्यावं आणि टाइप करताना रोमनमध्ये करावं :)

तर नंदुरबार. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकलं की मिरची आठवते, नाहीतर कुपोषणाची बातमी. पण देशातल्या सगळ्यात मोठ्या डेटाबेसची गोष्ट सुरू होते ती आमच्याच जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, आणि देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे ह्यांना मिळाला. मांडव, हेलिकॉप्टर, बंदोबस्त, सगळं झालं. त्याला तीन वर्षं व्हायच्या आत, एप्रिल २०१३ मध्ये, दुसरी बातमी आली. आधारसाठी नोंदणी केलेल्या राज्यातल्या सुमारे तीन लाख लोकांची माहिती सरकारच्या हातून गेली होती. मुंबईहून बंगळूरच्या सर्व्हरवर पाठवताना हार्ड डिस्क बिघडली, आणि तिकडे जे पोचलं ते उघडेना. माहिती कुलूपबंद होती, म्हणजे चोराच्या कामाची नव्हती, पण मालकाच्याही कामाची राहिली नाही. लोकांनी पुन्हा नोंदणी करायची, हा त्यावरचा उपाय! बोटांचे ठसे पुन्हा, डोळे पुन्हा, रांग पुन्हा.

मला ह्या दुसऱ्या बातमीचा राग डिस्क बिघडली म्हणून नाही. डिस्क बिघडणारच, तो तिचा धर्म आहे. राग ह्याचा की चूक यंत्रणेची आणि खेटा मात्र ज्याची माहिती गेली त्याला. हे सूत्र मी नंतर अगदी लहान पातळीवर, एका संस्थेच्या काउंटरवर उभं राहून पाहिलं. ते सांगतो, पण त्याआधी डेटाबेस म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ज्यांच्या घरात दुकान किंवा आडत होती त्यांना हे पटकन कळेल. दुकानात दोन वह्या असतात, रोजकीर्द आणि खतावणी. जे घडलं ते घडल्या क्रमानं आधी रोजकीर्दीत पडतं, मग तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जातं. डेटाबेस नेमकं हेच करतो. तुम्ही पाचशे रुपये भरले की ते आधी एका सलग नोंदीत लिहिले जातात आणि मग सवडीनं खात्याच्या फाइलीत जातात. ओरॅकलमध्ये ह्या रोजकीर्दीला रीडू लॉग म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये वॉल, मायएसक्यूएलमध्ये बॅकअपच्या कामी येणारी रोजकीर्द म्हणजे बिनलॉग. रोजकीर्दीची पानं भरली की ती बाजूला काढून गठ्ठ्यात ठेवतात, ते आर्काइव्ह लॉग.

आता समजा खतावणी जळाली. तुमच्याकडे एक तारखेची खतावणीची नक्कल आहे आणि एक तारखेपासून आजपर्यंतची रोजकीर्दीची सगळी पानं आहेत. नक्कल पुढ्यात घ्यायची, पानं क्रमानं उतरवत जायची, आजच्या मिनिटापर्यंत खतावणी उभी राहते. ह्याचंच नाव रिकव्हरी, त्यात जादू काही नाही. मात्र एक अट आहे. मधलं एकही पान गहाळ झालेलं चालत नाही. पाच तारखेचं पान नसेल तर सहा तारखेपासूनची पानं हातात असूनही त्यांचा उपयोग नाही, डेटाबेस चार तारखेशी थांबतो आणि तुम्ही कितीही गयावया केलीत तरी पुढे सरकत नाही. आपला मुनीम कदाचित अंदाजानं भरून काढेल. डेटाबेस अंदाज करत नाही, आणि तेच बरं आहे.

ही पानं आणि नकला कुठेतरी ठेवाव्या लागतात. लेखाचा खरा विषय ही जागाच आहे. बॅकअप "घेणं" सोपं असतं, जागा सांभाळणं कठीण. ओरॅकल ह्या जागेला फास्ट रिकव्हरी एरिया म्हणतो. ती किती मोठी असावी ह्याचा आकडा त्याला सांगून ठेवलेला असतो. समजा शंभर जीबी. डिस्कवर आणखी चारशे जीबी मोकळे असले तरी त्याच्या लेखी शंभर म्हणजे शंभर. ती भरली की नवं पान ठेवायला जागा उरत नाही, आणि रोजकीर्द लिहिता येत नसेल तर प्रामाणिक मुनीम जे करेल तेच तो करतो. व्यवहार थांबवतो. पडद्यावर ओआरए-००२५७ असा आकडा येतो आणि काउंटरपुढे रांग लागते.

जी पानं दुसरीकडे नीट उतरवून झाली आहेत ती हा डेटाबेस जागा कमी पडली की स्वतःहून काढून टाकतो. पण ती उतरवून झाली हे त्याला माहीत हवं ना! त्यासाठी बॅकअप त्याच्याच हत्यारानं, म्हणजे आरमॅन नावाच्या कमांडच्या साधनानं घ्यावा लागतो. आरमॅन घेतलेल्या प्रत्येक नकलेची नोंद ठेवतो. बाहेरच्या सॉफ्टवेअरनं फोल्डरची कॉपी मारली तर डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. तो बिचारा एकेक पान जिवापाड जपत बसतो, आणि एक दिवस जागा भरते.

आता ती संस्था. नाव सांगणार नाही, कुठल्या गावची तेही नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑक्टोबर महिना, दिवाळी तोंडावर. त्यांच्याकडे महिन्याच्या एक तारखेला पूर्ण बॅकअप होत असे, आणि रोज रात्री ते "एक बटण" सॉफ्टवेअर बॅकअपचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं उतरवत असे. जसंच्या तसं हे शब्द लक्षात ठेवा. रोज सकाळी मॅनेजरला मेल यायचा, त्यात हिरवी टिक.

बारा तारखेला जागा भरली. देखभालीला ठेवलेल्या मुलाला फोन गेला. तो आला, त्यानं फोल्डर उघडलं, फाइली तारखेप्रमाणे लावल्या, जुन्यातल्या जुन्या म्हणून एक ते नऊ तारखेच्या निवडल्या आणि शिफ्ट-डिलीट केलं. तरीही डेटाबेस भरलेलाच म्हणे, कारण त्याच्या वहीत ती पानं अजून होती. तुम्ही कपाटातून वही चोरलीत म्हणून यादीतून तिचं नाव जात नाही. मग त्या मुलानं नेटवर कुठेतरी वाचून जागेचा आकडा वाढवला आणि गाडी सुरू झाली. सगळ्यांनी चहा घेतला. रात्री सॉफ्टवेअरनं आपलं काम चोख केलं. इकडच्या फाइली गेल्या आहेत हे पाहून तिकडच्याही पुसून टाकल्या आणि सकाळी हिरवी टिक पाठवली!

एकोणीस तारखेला मुख्य डिस्क गेली. तेव्हा मला बोलावलं. दहा ते एकोणीसची सगळी पानं होती, एक तारखेची नक्कल ठणठणीत होती, आणि मधली नऊ दिवसांची पानं दोन्ही मशीनवरून गेलेली. म्हणजे संस्था एक तारखेला जाऊन उभी राहिली. मुलगा रडकुंडीला आलेला, म्हणत होता, "भाऊ, सगळं हिरवं व्हतं ना!" त्याला मी काय बोलणार? त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला शिकवलेलं होतं ते त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं, आणि तेही अर्ध्या तासात.

अठरा दिवसांचे व्यवहार व्हाउचरवरून पुन्हा भरावे लागले. पिग्मी एजंटांच्या पावत्यांची पुस्तकं गोळा केली, मुली रात्री दहापर्यंत बसून नोंदी करत होत्या. बहुतेक सगळं जुळलं. जे जुळलं नाही तिथे काउंटरवरून एकच प्रश्न, "पावती आहे का?" धडगावकडच्या पाड्यावरून आलेली एक बाई माझ्यासमोर कमरेच्या पिशवीतून घडी घालघालून मऊ झालेली पावती काढत होती. तिच्याकडे होती. नसती तर? तिनं पैसे भरले हे सिद्ध करायची जबाबदारी तिचीच होती, पानं पुसणाऱ्याची नाही. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं कवचही नसतं, हे किती ठेवीदारांना माहीत आहे?

आता त्या बारा तारखेला काय करायला हवं होतं ते बघा. काळा पडदा उघडायचा, आरमॅनमध्ये शिरायचं. आर्काइव्ह लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या असं सांगायचं. मग "एकदा तरी बॅकअप झालेले आर्काइव्ह लॉग तेवढे काढ" असं सांगायचं. ज्याचा झालेला नाही त्याला तो हात लावत नाही. कुणी आधीच माऊस चालवलेला असेल तर "क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल". तो वहीतली यादी घेऊन कपाट तपासतो, जे सापडत नाही त्यावर खूण करतो, आणि "डिलीट एक्स्पायर्ड" म्हटलं की यादीतून उडवतो. मधली पानं गेली आहेत असं ह्यात दिसलं की लगेच, त्याच बैठकीत, नवा पूर्ण बॅकअप घ्यायचा, म्हणजे नवी नक्कल आणि तिथून नवी साखळी. हे बारा तारखेच्या दुपारी झालं असतं तर एकोणीस तारखेला फक्त एक डिस्क बदलावी लागली असती. चार-पाच ओळी टाइप करायच्या होत्या.

आणि ही एका ओरॅकलची गंमत नाही. पोस्टग्रेसमध्ये रोजकीर्दीच्या फोल्डरचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. जागा भरली की लोक "लॉग म्हणजे फालतू फाइली" समजून ते पुसायचे आणि डेटाबेस मारून टाकायचे. इतक्या लोकांनी इतक्या वेळा हे केलं की २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्यांनी फोल्डरचं नावच बदलून पीजी-वॉल केलं. लोकांच्या हातापासून वाचवण्यासाठी नाव बदलावं लागलेलं दुसरं फोल्डर मला माहीत नाही (आहे म्हणा, त्याच्याच शेजारचं पीजी-क्लॉग. तेही त्याच वेळी बदललं). मायएसक्यूएलमध्येही बिनलॉग काढायला "पर्ज बायनरी लॉग्ज" अशी स्वतंत्र कमांड आहे. तीन वेगळ्या लोकांनी बनवलेले तीन डेटाबेस एकच सांगतात, की ही जागा आमच्या कमांडनं आवरा, झाडू घेऊन आत शिरू नका.

काळ्या पडद्याच्या बाजूनं माझं आणखी एक म्हणणं आहे, आणि ते खास आपल्या भागाचं आहे. मोलगी, धडगावकडे नेट कसं चालतं ते तिकडे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. दुरून स्क्रीन बघण्याच्या सॉफ्टवेअरमधून माऊस हलवायचा तर इकडे हललेला बाण तिकडे चहा संपल्यावर हलतो, आणि तोवर तुम्ही वैतागून दोनदा क्लिक केलेलं असतं. कुठे क्लिक झालं ते देवाला माहीत. काळ्या पडद्याला फक्त अक्षरं पाठवायची असतात. मरतुकड्या टूजीवरही ती जातात. तेही नसेल तर कमांड फोनवर सांगता येते, समोरचा लिहून घेतो, वाचून दाखवतो, मग एंटर मारतो. माऊसनं केलेलं काम फोनवर कसं सांगणार? "वरती उजवीकडे एक दात्यांचं चाक दिसतंय का?" "नाही दिसत भाऊ." संपलं.

शिवाय लिहिलेली कमांड उरते. आज काय केलं ते उद्या वाचता येतं, दुसऱ्याला दाखवता येतं, रात्री दोनला आपोआप चालवता येतं. माऊसनं काय केलं ते करणाऱ्यालाही संध्याकाळी आठवत नाही.

इथे पुण्यातले मित्र (आणि एक भाचा) मला नेहमी अडवतात. "काळ्या पडद्यावरच तर सगळ्यात मोठे घोळ होतात!" खरं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवर पुसण्याची कमांड दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी शिल्लक राहिले होते. पण पुढचं वाचा. एका कमांडीनं पुसलं गेलं, तर बॅकअपवरून परत यायला हवं होतं. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक सोडून पाच व्यवस्था होत्या आणि वेळेला एकही धड चालेना. पीजी-डंप हे साधन जुन्या आवृत्तीचं आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून ते रोज रात्री मुकाट्यानं अपयशी ठरत होतं. तसं कळवणारे मेलही वाटेतच नाकारले जात होते. बॅकअप जिथे साठायला हवे होते तिथे काहीच नव्हतं. वाचले ते कुणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या प्रतीमुळे. माझ्या मते हा पुरावा काळ्या पडद्याविरुद्ध नाही, परत उभं करून न पाहिलेल्या बॅकअपविरुद्ध आहे. आणि गिटलॅबनं हे सगळं स्वतः, तपशिलासकट, जाहीर लिहून ठेवलं. आपल्याकडे कुठल्या संस्थेनं लिहिलंय?

भाच्याचा दुसरा मुद्दा, "आता सगळं क्लाउडवर असतं मामा." बरं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर ह्या सहा लाखांहून जास्त सभासदांच्या निवृत्तिवेतन फंडाचं खातं गूगलच्या क्लाउडमध्ये चुकून पुसलं गेलं, दोन्ही ठिकाणच्या प्रतींसकट. तरले ते दुसऱ्याच कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता म्हणून. आणि "साठवण इतकी मोठी की बाहेर बॅकअप ठेवणं शक्य नाही" म्हणणाऱ्यांसाठी दक्षिण कोरिया. २६ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचे ८५८ टेराबाइट गेले. बाहेर प्रत नव्हती, कारण म्हणे आकार मोठा. आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा कागद गेले, आणि त्यानंतर सगळे म्हणाले संगणकावर आणा. आणलं. जागेचं काय केलं?

एक प्रत बाहेरगावी ठेवा म्हटलं की नंदुरबारचा माणूस सुरत म्हणतो, रेल्वे सरळ जाते. ठेवा. पण ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या तापीच्या पाण्यात तेच सुरत बुडालं होतं, तेव्हा निदान तळमजल्यावर तरी ठेवू नका. धुळं त्या मानानं बरं.

असो. विकणाऱ्यांना माझी शिव्या देऊन झाली, आता विकत घेणारे. तुमच्या वार्षिक देखभालीच्या करारात काय लिहिलंय ते काढून बघा. "दररोज बॅकअप घेण्यात येईल." बस. परत उभा करून दाखवण्यात येईल, हे कुठेही नाही. चेअरमनच्या केबिनला नवा सोफा येतो, सभेत ठरावही होतो, पण पंचवीस-तीस हजारांचं एक जुनं मशीन "नुसतं तपासायला" म्हटलं की संचालक एकमेकांकडे बघतात.

माझी मागणी एवढीच आहे. तीन महिन्यांतून एकदा, त्या वेगळ्या मशीनवर, बॅकअपवरून अख्खा डेटाबेस उभा करायचा. "रिस्टोअर डेटाबेस व्हॅलिडेट" ही कमांड दर आठवड्याला चालवा, ती फाइली वाचून धड आहेत का सांगते, पण तेवढ्यावर थांबू नका. उभा केलेला डेटाबेस बरोबर आहे की नाही हे संगणकवाल्यानं सांगायचंच नाही. ते सांगायचं अकाउंटंटनं. त्यानं त्या दिवशीची तेरीज छापलेली काढायची, नव्या मशीनवरची तेरीज काढायची, आणि पैशापर्यंत जुळवायची. जुळली तर सही करायची, तारीख टाकायची. लेखापरीक्षकानं हिरव्या टिकेचे मेल न मागता त्या चार सह्या मागाव्यात. हे काम अकाउंटंटला कुणी शिकवावं लागत नाही, तो आयुष्यभर तेच करत आला आहे. आजवर त्याला ह्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं, एवढंच.

त्या संस्थेत हे सुरू झालं. पहिल्या खेपेला तेरीज जुळली नाही, एका शाखेच्या फाइली बॅकअपमध्ये येतच नव्हत्या. डिस्क गेलेली नव्हती, दिवाळी नव्हती, बाहेर रांग नव्हती. दुरुस्त केलं, पुन्हा उभं केलं, दुपारी चारला जुळली. कमांड आता तो रडकुंडीला आलेला मुलगाच चालवतो, वहीत लिहून. त्याची वही माझ्या वहीपेक्षा नीट आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या कुणा संस्थेला हवी असेल तर त्याच्या परवानगीनं झेरॉक्स पाठवतो, मात्र तपासायचं मशीन आधी घ्या.